मासोळी चिकटली तिथे

टक्.

गॅरेजच्या सकाळच्या शांततेत एवढासा आवाज, पण तिने चटकन मान वळवली. तिच्या लेकीने, चिमणीने, घरातल्या फ्रिजवरची चुंबकाची मासोळी आणली होती आणि हिरव्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर, अगदी नाकाशी, चिकटवली होती.

"आई, इथे पण चिकटली!"

तिच्या हातातलं फडकं थांबलं. तिथे मासोळी चिकटायलाच नको होती. बॉनेटच्या नाकावर जुन्या अपघाताचा तळहाताएवढा खड्डा होता. तो तिने स्वतः जाड पुट्टीने भरला होता, आणि पुट्टीवरून चुंबक घसरतं.

म्हणजे हे बॉनेट ते नव्हतंच!

गंजाने खाल्लेले पुढचे दोन मडगार्ड तिने बाजारातले नवे बसवले होते, मालकांना विचारून. बॉनेट मात्र मूळचंच ठेवायचं, असं ठरलं होतं. आणि मालक, वकीलसाहेब, तासाभरात गाडी न्यायला येणार होते.

"गप्प बस, पोरी," मासोळीकडे बघत रंगारीकाका म्हणाले. तिच्या वडिलांचे तीस वर्षांचे जोडीदार. "रंगाखाली काय आहे, कोण खरवडून बघतंय? तोंड उघडलंस तर दारावरच्या बाबांच्या नावाच्या पाटीला काळं लागेल."

"पाटी बाबांची आहे, म्हणूनच उघडणार."

वकीलसाहेब आले, तेव्हा त्यांनी किल्लीला हात लावायच्या आत तिने सांगून टाकलं. ते लालबुंद झाले.

"गाडी तुमच्या ताब्यात, पाने तुमच्या हातात. कुंपणच शेत खातंय की!"

"खाल्लं असतं तर तुम्हाला आपणहून दाखवलं असतं? दहा मिनिटं द्या. नाही पटलं तर पाटी तुमच्या हाताने उतरवा."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"गाडी रंगाला गेली तेव्हा तुम्ही इथे होतात?"

"होतो. पुट्टीवरून हात फिरवला. म्हटलं, ही माझ्या तरुणपणाची खूण."

"काकांच्या शेडपर्यंत कोणी नेली?"

"मीच. चालवत."

"काका, रंगानंतर गाडी कुठे होती?"

"सीटवाल्याकडे, चार दिवस," काका घाईने म्हणाले. "तिथे सतरा माणसं येतात-जातात. त्यानेच बदललं असणार."

तिने पाना घेतला, बॉनेटच्या बिजागरीचा बोल्ट काढला, त्याखालची वायसरची चकती बाजूला केली.

"बघा, साहेब. मूळ बॉनेटचं भोक गोल असतं. बाजारातलं कधी सरळ बसत नाही, भोक कानशीने लांबवावं लागतं. हे लांबवलेलं आहे. सीटवाल्याने रंगानंतर घासलं असतं, तर कड उघडी, चकचकीत दिसली असती. इथे कडेच्या आतही हिरवा रंग आहे. म्हणजे आधी घासलं, मग रंगवलं. आणि ही छटा काकांनी स्वतः कालवलेली. दुसरीकडे मिळायची नाही."

काकांचं तोंड उतरलं.

"आधी रंगाशिवाय कोरडं बसवून बघा, मग रंगवा. बाबांनीच शिकवलं ना तुम्हाला? कामात कुचराई केली असती तर सुटला असतात, काका. चांगल्या सवयीनेच घात केला."

"जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाला मूळचं हवं होतं, पैसे चांगले देत होता," काका पुटपुटले. "तुझ्या बाबांनी मला असं चारचौघांत उघडं पाडलं नसतं."

"बाबांनी काय केलं असतं ते बाबांना माहीत. पाटीखाली आज मी उभी आहे. बॉनेट आजच आणायचं. साहेब तुमच्याबरोबर येतील."

वकीलसाहेबांनी वर पाटीकडे पाहिलं. "राहू दे पाटी जागेवर," ते हळूच म्हणाले आणि काकांच्या मागे निघाले.

दाराशी काका अडखळले. रोज जाताना ते चिमणीला खांद्यावर घेऊन अंगणाला एक चक्कर मारत. आज मागे न बघता गेले.

चिमणीने बॉनेटवरची मासोळी सोडवली, मुठीत घट्ट धरली.

"आई, आता त्यांना काका म्हणायचं की नाही?"