साहेबांचा दरवाजा

तो मोबाइल पालथा ठेव आधी. आणि मध्येच 'काका, असं कसं होईल' म्हणायचं नाही. कसं झालं ते मला तरी कुठं ठाऊक आहे? ज्याच्यावर बेतलं त्याच्या तोंडून ऐकलं, तसं सांगतो.

तुम्ही ओळखता त्याला. कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मिस्त्री. कधीही जा, 'उद्या नक्की' म्हणणारा, तोच. गेल्या जानेवारीतला शेवटचा शनिवार होता. रात्रीचे पावणेबारा.

गॅरेजच्या वरच्या खोलीत त्याचे वडील अंथरुणाला खिळून होते. म्हाताऱ्यानं उभा जन्म एका साहेबांची गाडी चालवली. काळी, गोल पाठीची, आता शोधून सापडायची नाही अशी. चालवायचा अनवाणी. ॲक्सिलरेटरच्या पॅडलचं रबर झिजलं तेव्हा त्यानं जुन्या टायरचा तुकडा तिथं बसवला. पाय घसरू नये म्हणून त्यावर तिरक्या खाचा पाडल्या आपल्या मिस्त्रीनं, तेव्हा शाळेत जात होता तो. शेवटची खाच पाडताना करवत सटकली आणि ती वाकडी गेली. म्हाताऱ्याला तिचंच कौतुक.

साहेब वारले, गाडी ड्रायव्हरच्या नावावर करून गेले. पण तोवर ड्रायव्हरचेच पाय गेले होते. दोन वर्षं त्यानं जमिनीला पाऊल लावलं नव्हतं. काही हवं असलं की पडल्या पडल्या काठी आपटायची आणि मुलानं हातातलं टाकून वर धावायचं. "काठी वाजली की मी आलोच. तुम्हाला एकटं पडू देणार नाही," असा शब्द दिला होता त्यानं. डॉक्टरांनी तर आता आशा सोडा म्हणून सांगितलेलं.

त्या आठवड्यात म्हाताऱ्यानं एकच धोशा लावला.

"गाडी तयार ठेव. साहेब येतील."

"बाबा, साहेब गेले आता."

"मला शिकवू नकोस. चेंबरमधून तेल ठिबकतंय. साहेबांसमोर गळकी गाडी काढू होय?"

आता याच्याशी काय वाद घालायचा? सकाळी खुर्चीतून खाली आणू, गाडीत बसवू, गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारू, तेवढंच त्याला समाधान, असं मिस्त्रीनं ठरवलं आणि रात्रीच कामाला बसला.

इंजिनाच्या बुडाशी तेलाचं पसरट भांडं असतं, त्याला हे लोक चेंबर म्हणतात. ते आणि इंजिन यांच्यामध्ये कॉर्कचं पॅकिंग. ते वाळलं, चिरलं की तेल गळतं. काम अवघड नाही, पण जीव खातं. पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, तेल काढायचं, खाली उताणं पडून एकेक बोल्ट सोडवायचा, जुनं पॅकिंग नखानखानं खरवडायचं. नवीन सरकू नये म्हणून बारीक दोऱ्यानं चेंबरला बांधायचं. हे बापानंच शिकवलेलं.

बापाचं आणखी एक सांगणं होतं. गाडीखाली शिरताना चावी खिशात ठेवायची आणि दरवाजे लॉक करायचे, म्हणजे वर कोणी चढत नाही. मिस्त्रीनं चावी खिशात टाकली, दरवाजे लॉक केले. मागचा डावा तेवढा सोडला. विसरला नाही हं. तो साहेबांचा दरवाजा. साहेबांना ताटकळावं लागू नये म्हणून म्हाताऱ्यानं तो कधी लॉकच केला नव्हता. पोराच्याही ते अंगवळणी पडलेलं. हात आपसूक मागे आला.

हातातली बॅटरी पेटवून शेजारी ठेवली आणि तो खाली सरकला. जुनं निघालं, नवीन बांधून झालं. चेंबर दोन्ही हातांवर तोलून त्यानं वर नेलं. आता पहिला बोल्ट लावायचा.

मागचा दरवाजा उघडला.

हळूच. आणि बंद झाला.

"कोण आहे?"

मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले. डाव्या बाजूला कोणीतरी बसलं होतं. आणि गाडी खाली येऊ लागली. ठोकळे जागेवर, चाकं जागेवर. माणसाच्या वजनानं गाडी एवढी बसत नाही रे. ही बसत होती. चेंबर छातीवर टेकलं. मग रुतलं. हात त्याखाली अडकले. ओरडायला श्वास पुरेना.

आणि वर काठी वाजली.

ठक.

"आलो..." आवाज गाडीखालीच राहिला.

ठक... ठक.

त्यानं पाय झाडले. टाचा सोलवटल्या. तसूभर हलता येईना.

"सोडा मला... वर माझा बाप एकटा आहे..."

गाडीतल्याला घाई नव्हती.

ठक.

मग बराच वेळ काही नाही. मग काठी घरंगळल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

मला म्हणाला, "काका, गाडीत कोण बसलंय याची भीती केव्हाच गेली होती. काठी थांबली, त्याची वाटली." सांगताना लहान मुलासारखा रडत होता.

मग पुढच्या उजव्या दरवाजाचं लॉक निघालं. आतून. कोणी कोणासाठी तरी उघडावं तसं.

गाडी किंचित उजवीकडे कलली. वजन अगदी हलकं. बॅटरीच्या उजेडात पॅडलपासून इंजिनाकडे येणारी ॲक्सिलरेटरची सळई हलली. एकदा. परत एकदा. गाडी सुरू करण्याआधी म्हातारा असंच दोनदा पॅडल दाबायचा.

"बाबा?"

चावी मिस्त्रीच्या खिशात. इंजिनात थेंबभर तेल नाही. काही सुरू झालं नाही, काही वाजलं नाही. थोड्या वेळानं गाडी नुसती वर उठली. रिकामी झाल्यासारखी.

चेंबर फेकून तो जिना चढला. काठी पलंगाखाली गेली होती. म्हातारा उताणा निजलेला, चादर गळ्यापर्यंत तशीच. अंग अजून कोमट होतं. मुलगा त्याच्या पायाशी बसून राहिला. एक जिना, तेवढासुद्धा त्याला वेळेवर चढता आला नव्हता.

पाय गार पडायला लागले, तसे वेड्यासारखे चोळायला घेतले त्यानं. उजव्या तळव्याला बोटं लागली आणि थांबली. त्यानं दिवा खाली घेतला.

तळव्यावर रेघा उमटल्या होत्या. खोल, ताज्या. सगळ्या तिरक्या.

शेवटची वाकडी.