सुटलेली ओळ

“विचार तुझ्या आईला! त्या ओळीचं काय झालं ते तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?”

सासऱ्यांचे शब्द स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि ओल्या हातांनी उभी असलेली सूनबाई जागच्या जागी थिजली... इतक्या वर्षांनी पुन्हा तेच!

खरं तर रागावण्यासारखं काही नव्हतंच, हसून हसून पोट दुखावं अशी गोष्ट होती. तिच्या लेकीने, चिमणीने, शाळेच्या कार्यक्रमात आजोबांचं लाडकं गाणं म्हटलं होतं. जुन्या हिंदी सिनेमातलं, दिवंगत आजीच्या आवडीचं. घरच्या रेकॉर्डवर ते गाणं पहिल्या अंतऱ्यातल्या एका ओरखड्यापाशी आलं की टुणकन उडी मारायचं आणि एक अख्खी ओळ ओलांडून पुढे जायचं. पोरगी जन्मल्यापासून तेच ऐकत आलेली, तिने गाणंही उडी मारूनच म्हटलं! पेटीवाले मास्तर मागच्या ओळीवर, ही पुढच्या ओळीवर. मास्तर असे तोंडघशी पडले की सगळं सभागृह खो खो हसलं. घरी येऊन ती आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून मुसमुसत म्हणाली, “त्यात अजून एक ओळ आहे म्हणे! मला कुणी सांगितलंच नाही...” आणि आजोबांची जुनी जखम भळभळली.

एरवी हे घर मोठं सुखी होतं. सासरे घड्याळजी, आता दुकान आपणहून आवरून निवांत झालेले. दर सुट्टीच्या सकाळी ते जुन्या रेकॉर्डची पेटी उघडत. गाणं संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही आणि संपल्यावर प्रत्येकाने आपल्याला आवडलेली जागा सांगायची, असा घरचा शिरस्ता. सासऱ्यांना दुसऱ्या अंतऱ्याआधी गायिकेने घेतलेला श्वास आवडे. सूनबाईच्या नवऱ्याचं नि सुरांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तरी तो दर वेळी मान डोलावून “व्हायोलिन!” म्हणे, व्हायोलिन असो वा नसो.

सूनबाई मात्र दारातूनच ऐकायची. तिला कुणी विचारत नसे. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा सासूबाईंनी शेजारी बसवून हे गाणं मला ऐकवलं होतं आणि त्यातली जी ओळ आता कुणालाच ऐकू येत नाही, तीच माझी जागा! त्या ओळीत गायिकेचा आवाज अलगद खाली उतरतो आणि आजारी माणसाच्या उशाशी येऊन बसावं तसा बसतो...

सासूबाई गेल्या आणि महिन्याच्या आतच रेकॉर्डवर तो ओरखडा उठला. “माझ्या हातून झालं, बाबा,” असं सूनबाई स्वतःच म्हणाली होती. “यापुढे या यंत्राला तू हात लावायचा नाहीस!” सासऱ्यांनी बजावलं, आणि तिने तो शब्द आजवर पाळला. धूळ पुसतानाही तिचं फडकं रेकॉर्ड-प्लेअरला वळसा घालून जाई. बाकी सासऱ्यांनी तिला कशाची कमी पडू दिली नाही; पण ते दोन शब्द गोड बोलले की तिच्या मनात येई, यांच्या लेखी मी अजून त्यांच्या पत्नीची आठवण मोडणारीच ना?

“ये चिमणे, तुला दाखवतोच!” सासरे उठले. रेकॉर्ड चढली, फिरू लागली. त्यांनी सुईची दांडी उचलली आणि ओरखड्याच्या जागेवर नेमकी धरू लागले... तोच हात थरथरला. सुई निसटली. खर्र!

सासरे आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मान वळवली.

“सूनबाई... तू तर तिथे दारात आहेस.”

“हो, बाबा.”

“हा आवाज... हाच आवाज मी झोपेत ऐकला होता. डोळे उघडले तर तू दांडी धरून उभी.” त्यांनी तिच्याकडे एक पाऊल टाकलं. “त्या दिवशीही... आधी तू दारातच होतीस का गं?”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतकी वर्षं अडवून धरलेलं सगळं एकदमच आलं!

“तुम्हाला डुलकी लागली होती. हात दांडीवरच होता, आणि तो थरथरू लागला... मी धावले, पण उशीर झाला.”

“मग खोटं का बोललीस, पोरी?”

“आदल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, हात गेला की घड्याळजी संपला. आई गेल्या होत्या... दुकानही सुटलं असतं तर तुम्ही कशाच्या आधाराने उभे राहिला असतात?”

“आणि मी... मी तुला...” त्या वृद्धाने हात जोडले. तिने ते झटकन आपल्या हातांत धरले.

“हे काय भलतंच! लेकीपुढे कुणी हात जोडतं का?”

नवरा डोळे पुसत, घसा खाकरत म्हणाला, “मी तेव्हाच म्हणालो होतो...” तो काहीच म्हणाला नव्हता, चिमणीने त्याला कोपराने ढोसलं.

सासऱ्यांनी सूनबाईला हाताला धरून आणलं, स्वतःच्या खुर्चीत बसवलं. “सुई तू ठेव.”

तिने पदराला हात पुसले. एवढ्या वर्षांनी बोटांना ती दांडी लागली. गाणं सुरू झालं, अंतरा आला... आणि ओरखड्याच्या अलीकडेच तिने सुई हलकेच उचलली.

घरात कधीच गळा न उघडलेल्या सूनबाईने ती सुटलेली ओळ स्वतःच म्हटली! आवाज थोडा कापरा, पण सूर चोख. खाली उतरून उशाशी बसणारा. ओळ संपली, तिने सुई ओरखड्याच्या पलीकडे ठेवली आणि गायिका पुढे गाऊ लागली.

गाणं संपेपर्यंत शिरस्त्याप्रमाणे कुणी बोललं नाही. मग चिमणीने विचारलं, “आजोबा, तुमची जागा? तो श्वासच ना?”

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि सूनबाईकडे पाहिलं.

“नाही गं,” ते म्हणाले. “आज ती मधली ओळ. सूनबाई, पुन्हा लाव.”