भांगेच्या कोठीतलं नववं पोतं

नोव्हेंबर १९९४. सोमवारी सकाळी अकरा वाजता सुरतेच्या उधन्यातल्या एका लहान आयुर्वेदिक कारखान्याच्या कोठीचं सरकारी सील तोडलं गेलं. आत परवान्यावर घेतलेल्या भांगेच्या पाल्याची आठ पोती असायला हवी होती. नऊ निघाली. नवव्यात गांजा होता.

नशाबंदी खात्याचे उपनिरीक्षक हिलाल महाजन यांनी पोत्याचं तोंड बांधलं आणि मालकाकडे पाहिलं. योगेंद्र पाटील चौकट धरून उभे होते. पाचक चूर्णात पाला घालण्याचा परवाना मिळवायला त्यांची तीन वर्षं गेली होती. मग नूतनीकरण अडलं, माल सील झाला, बँक दारात येऊन बसली. उद्या सुनावणी. परवाना गेला तर कारखाना बंद. गांजा त्यांचा ठरला तर तुरुंग.

"कुणीतरी डाव साधला, साहेब!"

"कुणी?"

"पॅकिंगच्या बायका सोडल्या तर इथे आहेच कोण?"

त्यांतली एक, सुंदरा, ओट्यावर डब्यांना लेबलं लावत होती. तिनं मान वर केली नाही.

हिलालनी एकेक पोतं सरकवलं. आठही पोती वरून पांढरी होती. प्लेगच्या धास्तीनं शहरभर मारलेली तीच पिसवा मारायची गॅमेक्सिन पावडर. पोतं हललं की खालची फरशी स्वच्छ काळी. नववं पोतं बुडाला धरून उचललं, तर हातच पांढरे झाले. रुमालाला हात पुसत ते बाहेर आले.

"पावडर कधी मारली?"

"ऑक्टोबरच्या सुरुवातीला."

"आणि सील?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी."

"पावडरवाल्यांना कोठी कुणी उघडून दिली?"

दारावर परवान्याच्या अटी चिकटवल्या होत्या. योगेंद्रनी तिकडे एकदा पाहिलं. "मीच. मी हजर होतो."

"होते ना शेठ," सुंदरा ओट्यावरून म्हणाली. "अटच आहे तशी. कोठी उघडली की परवानेवाल्यानं स्वतः उभं राहायचं."

हिलाल क्षणभर तिच्याकडे बघत राहिले.

"मग गांजा तुमचाच, शेठ," ते म्हणाले. "पावडर पडली तेव्हा आठ पोती जागेवर होती. म्हणून ती वर पांढरी, खाली फरशी साफ. नववं वर कोरं, बुडाला पांढरं. ते पावडरीनंतर आलं आणि सील पडायच्या आत आलं. तेवढ्या वेळात किल्ली तुमच्याकडे होती."

"नव्हती हो! मी शिरपूरला होतो. सगळं गाव पळालं, मीही पळालो. सीलच्या सकाळी परतलो आणि न बघता सही केली."

"मग किल्ली?"

योगेंद्र ओट्याकडे बघत होते.

"सुंदराबाई," हिलाल म्हणाले, "आत्ता तुमच्यावर आळ घेणाऱ्या माणसाच्याच बाजूनं साक्ष दिलीत. ते हजर होते असं ठरणं तुम्हाला हवं होतं."

सुंदरानं लेबल अंगठ्यानं नीट दाबून बसवलं.

"मन्हा माणूस आठेच मरी गया, भाऊ." हिलाल धुळ्याचेच; तिचा नवरा इथेच मेला, हे त्यांना अहिराणीतून उलगडून सांगावं लागलं नाही. "भगवान राखणदार होता इथला. तापानं फणफणलेला. शेठच्या टेम्पोत जागा होती. त्याला न्या म्हणून मी पाया पडले यांच्या. म्हणाले, कोठीला राखण नसली तर परवाना जाईल. किल्ली त्याच्या उशाशी टाकली आन निघाले. तो गेला, किल्ली माझ्याकडे आली; पावडरवाल्यांना मीच उघडून दिलं. ज्या परवान्यापायी तो गेला, तो मी यांच्या हातात ठेवणार नव्हते."

"गांजा कुठून आणला?"

"ते नाही सांगणार."

योगेंद्रना एकदम धीर आला. "ऐकलंत ना, साहेब? मी सुटलो! घ्या लिहून."

"तुम्हीच लिहा. त्या दिवशी कुठे होता आणि किल्ली कोणाकडे होती, तेवढंच."

योगेंद्रनी पेन उघडलं. मग त्यांची नजर दारावरच्या अटींवर गेली, आणि हात थांबला.

सुंदरा पहिल्यांदाच हसली. "लिवा ना, शेठ. हजर होतो लिवलं तर गांजा तुमचा. नव्हतो लिवलं तर परवाना गेला. माझं काय, मी चालले."

मंगळवारी साडेदहापर्यंत सुंदरानं कोठडीत लेखी जबाब दिला नव्हता. सुनावणीच्या खोलीबाहेर योगेंद्र बाकावर बसले होते. अकराला त्यांच्या नावाचा पुकारा झाला. मांडीवरचा कागद तेव्हाही कोराच होता.