ठमीचा पाय

रजेचा अर्ज द्यायला जातो, असं बायकोला, सुलूला सांगून बळवंत घरातून निघाला आणि पालघर स्टँडवर मनोरच्या एस्टीत चढला. त्याची कंपनी बोईसरला. मनोर कुठे, बोईसर कुठे. पण खरं सांगितलं असतं तर सुलूने दाराला कडी घालून त्याला आत बसवला असता.

ही गोष्ट दामूकाका सांगतो. जेवणं झाल्यावर, ओट्यावर, दिवे गेलेले असले की. पोरं हसायला लागली की तो एवढंच म्हणतो, "हसा. बळवंत माझा सख्खा साडू. त्याच्याच तोंडून ऐकलंय मी."

साल अठ्ठ्याऐंशी. डिसेंबरची तेरा तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी बळवंतला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हजर व्हायचं होतं. कंपनीत पिंपं उचलून उचलून कमरेचा मणका सरकला होता. डावा पाय लाकूड झालेला, बोटं महिनाभर हलली नव्हती. पाठीच्या कण्यात सुई घालून औषध सोडू, फोटो काढू, आणि फोटोत वाईट दिसलं तर कापू, असं डॉक्टरने सांगितलं होतं. कापल्यावर पाय राहतील ना, असं बळवंतने विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत बसला. तेव्हापासून बळवंतची झोप गेली. घरात दोन पोरी, एकटा कमावता. जन्मभर खाटेवर पडलेला बाप म्हणजे घरात चौथं तोंड, दुसरं काय?

म्हणून तो निघाला होता ठमीकडे.

ठमी मासवणच्या अलीकडच्या पाड्यावर राहायची. बळवंतच्या शेतावर लावणीला यायची. ती पायाळू, म्हणजे आईच्या पोटातून आधी पायाने बाहेर आलेली. अशा माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण जाते, हे तिकडे कुणाला शिकवावं लागत नाही. रीत साधी. पालथं पडायचं. तीनदा पाय लावून घ्यायचा. तिसऱ्यांदा लावून घेणाऱ्यानेच 'पुरे' म्हणायचं. त्याने म्हटल्याशिवाय पायाळूने पाय काढायचा नाही. दहा वर्षांपूर्वी तिने बळवंतला असंच उभं केलं होतं.

एस्टीतून उतरला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. चंद्राची कोर होती, नसल्यासारखीच. काठी टेकत, पाय ओढत तो बांधावरून गेला.

भात झोडून झालं की पाडा रिकामा होतो, सगळी माणसं वीटभट्ट्यांवर जातात. हे बळवंतला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण भ्यालेल्या माणसाला जे हवं तेवढंच आठवतं.

पहिल्या झोपडीच्या दाराला काट्यांची फांदी बांधलेली. दुसऱ्या झोपडीच्याही. कुत्रं नाही. चुलीचा धूर नाही.

शेवटचं दार उघडं होतं.

आत ठमी बसली होती. कुडाच्या भिंतीला टेकून. दिवा नव्हता, दारातून चांदण्यांचा पुसट उजेड तेवढा येत होता.

"ठमे, तू भट्टीवर नाय गेली?"

"गेली व्हती," ती म्हणाली. मग, "नीज पालथा."

तो निजला. एरवी ठमीची जमीन सारवून चकचकीत असायची. आज गालाला धूळ लागली. त्याने डोळे मिटले.

पाय लागला. थंड होता. ओल्या विटेसारखा. पण कमरेतली कळ अशी ओसरली, की बळवंतच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

दुसऱ्यांदा लागला. डाव्या पायात मुंग्या आल्या. अंगठा हलला. मग बोटं. बळवंत धुळीत तोंड घालून रडला.

तिसऱ्यांदा लागला.

आणि राहिला.

आता पुरे म्हणायचं होतं. पण ठमी काटकुळी बाई... आणि पाय जड होत होता. श्वास पुरेना. बळवंतने कशीबशी मान वळवली.

ठमी भिंतीशी बसली होती.

तिथेच. गुडघे पोटाशी घेऊन. दोन्ही पाय लुगड्याखाली.

"ठमे... तू तिथं..."

ती बघत राहिली.

पाय पाठीवर होता.

बळवंत कसा उठला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. काठी तिथेच राहिली. महिनाभर लंगडणारा माणूस बांधावरून धावत सुटला. डांबरी रस्त्याला लागल्यावर त्याला आठवलं...

पुरे म्हणायचं राहिलं.

परत जायची छाती झाली नाही.

सकाळी सुलूने त्याला ताठ चालताना बघितलं. तो म्हणाला, मी बरा झालो, इस्पितळ नको. ती म्हणाली, "चालता ना? मग डॉक्टरला चालून दाखवा." आणि हाताला धरून बाहेर काढला. वाटेत स्टँडवर जिवल्या भेटला, ठमीचा नवरा. बोचक्यावर डोकं टेकून बसलेला. सुलूने ठमी कुठे म्हणून विचारलं. शनिवारी गेली, म्हणाला. भट्टीवर. तापाने. तिथंच जाळली.

सुलू हळहळली.

इस्पितळात सुई घातली, औषध सोडलं, फोटो काढला. डॉक्टरने तो दिव्यावर धरला आणि म्हणाला, मणका जागेवर आहे, ऑपरेशन लागणार नाही. सुलूने हात जोडले. पण डॉक्टर फोटो खाली ठेवेना. जवळ नेला. लांब धरला. मग फोटो काढणाऱ्या माणसावर ओरडला. मध्ये पाय कुणाचा आला, म्हणून.

कमरेच्या मणक्यावर पायाची हाडं होती. टाच, पंजा, पाचही बोटं. बाईमाणसाचा असावा एवढा लहान.

अर्ध्या तासाने दुसरा फोटो काढला. खोलीत बळवंतशिवाय कुणी नव्हतं. सुलू दाराबाहेर उभी राहून खात्री करत होती.

त्यातही पाय होता. फक्त कमरेवर नव्हता. वीतभर वर सरकला होता, बोटं मानेकडे.