खेकडे पाचवे येणार

"खेकडे पाचवे येणार, असं रेडिओवर बोंबलणारी भवानी तूच ना?"

मी गर्रकन वळले आणि हातातला चिंचेचा बर्फगोळा थेट त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर! समोर एलियेसेर उभा... आमच्या बंदराच्या 'खेकडे' या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. अख्खं गाव ज्याच्यावर जीव टाकायचं, तोच.

"आधी संघाची अब्रू घालवलीस, आता सदऱ्याची," तो म्हणाला.

"सहा संघांतले चारच पुढे जातात, त्याला मी काय करू? तुमचे अमेरिकन पाहुणे खेळाडू नाताळ जवळ आला की घरी पळणार. मग उरणार कोण?"

"मी उरेन की!"

"तीच तर काळजी आहे..."

तो हसला. त्या हसण्यापुढे माझी सगळी आकडेमोड लटपटली, हे मी त्याला मुळीच कळू दिलं नाही.

दर सोमवारी सकाळी मी रेडिओवर उरलेल्या हंगामाचं भाकीत सांगायचे. त्यानंतर तो न चुकता भांडायला यायचा. आम्ही समुद्राकाठच्या भिंतीवर बसायचो. जळत्या उसाची काळी राख वाऱ्याबरोबर उडत यायची, माझ्या केसांत अडकायची आणि तो ती एकेक करून वेचायचा... डाव्या हाताने. कॉफीचा पेलाही डाव्याच हाताने धरायचा. अंगाला सतत बेरॉनचा वास, म्हणजे आमच्याकडे कुठेही दुखलं की चोळतात त्या दारूचा.

"उजवं कोपर दुखतंय ना रे?" मी एकदा विचारलंच.

"हळू बोल, दिग्ना! कुणी ऐकेल."

आमच्या गावात एकही पोरगा हात दुखतो असं कबूल करत नाही. दुखतो म्हणालास की तुझ्या जागेवर दुसरा उभा. म्हणून सगळे बेरॉन चोळतात, हसतात आणि फेकत राहतात. मीही गप्प राहिले. तोवर मी त्याच्या प्रेमात पुरती बुडाले होते आणि तो माझ्यावर रागावेल याचीच मला जास्त भीती वाटत होती.

खेकडे पाचवे आले. बाद झालेल्या संघांतले चांगले खेळाडू पुढे गेलेले संघ वाटून घेतात, तशी आमच्याकडे रीतच आहे. निवड सोमवारी दुपारी होती. आदल्या संध्याकाळी एलियेसेर खुशीत आला.

"पुढे गेलेले सांतियागोवाले मला पहिला उचलणार! जानेवारीत अमेरिकेतल्या संघांची माणसं खेळाडू हेरायला येतात, ठाऊक आहे ना?"

"जानेवारी संपायच्या आत तुझा हात संपेल."

"हे तू उद्या रेडिओवर सांगणारेस?"

"मी नाही. तू सांग."

"तुझं काय जातंय गं?" तो उसळून म्हणाला. "माझा हात मोडला तर तुझं भाकीत खरंच ठरणार!"

असं बोलला आणि तरातरा निघून गेला. मी भिंतीवर बसून ढसाढसा रडले.

सकाळी निवेदक फाबियोसाहेबांनी नेहमीच्या उत्साहात विचारलं, "बोल मुली, एलियेसेर सांतियागोला तारणार का?"

तारणार म्हणाले, तर मीच त्याला त्या मैदानात ढकलत होते. नाही म्हणाले, तर कारण सांगावं लागणार होतं आणि त्याची भाकरी माझ्या तोंडून जाणार होती. खालच्या न्हाव्याच्या दुकानात, बेकरीत, बंदरावर सगळीकडे आमचाच रेडिओ चालू असतो. आणि मी गप्प...

"दिग्ना? अगं, बोल ना!"

तेवढ्यात दार उघडलं. गळ्याभोवती न्हाव्याचं फडकं, एका गालाला साबण. एलियेसेर धापा टाकत माईकपाशी आला.

"नमस्कार मंडळी. हंगाम सुरू झाल्यापासून माझं कोपर दुखतंय. मला कुणी घेऊ नका."

खाली न्हाव्याच्या दुकानातला गलका एकदम थांबला. फाबियोसाहेबांनी घाईघाईने गाणं लावलं.

मी बाहेर आले तेव्हा तो जिन्यात बसला होता. डोळे लाल झाले होते.

"गप्प का बसलीस?"

"प्रेम आहे माझं तुझ्यावर, म्हणून. खोटं बोलवेना, आणि खरं बोलून तुला बुडववेना."

त्याने गालावरचा साबण फडक्याने पुसला. मग हळूच म्हणाला, "माझंही आहे गं. काल उगाच बोललो... पण आता माझं काय होणार, दिग्ना? तुला सगळं आधी कळतं. सांग ना."

"उद्या डॉक्टर. कापाकापी करावी लागली तर तीही. मग वर्षभर घरी बसून तुझी चिडचिड. आणि रोज संध्याकाळी मी तुझ्या अंगणात."

"हे भाकीत?"

"नाही. मी ठरवलंय."

त्याने दुखरा हात अलगद माझ्या मांडीवर ठेवला, आणि मी तो दोन्ही हातांनी धरून बसले.