बारा मास्क, तेरा माणसं

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मामाच्या शिडाच्या होडीने प्रवाळाच्या खडकांजवळून नांगर उचलला. त्या वेळी होडीवर एक प्रवासी कमी होता.

हे आधी भिंग्याच्या लक्षात आलं.

"ताई, हे बूट कोणाचे गं?"

बाकाखाली पॉलिश केलेले काळे बूट होते. आत मोज्यांची नीट घडी.

"सारखं घड्याळ बघणाऱ्या त्या काकांचे. होडीवर असे बूट घालून दुसरं कोण येणार?" ताई हसली आणि एकदम थांबली. "पण काका कुठायत?"

दोघं सुकाणूकडे धावली. "मामा, काका पाण्यातच राहिले!"

"कोणी राहिलेलं नाही. पाण्याखाली बघायचे बारा मास्क दिले, बारा परत आले."

"मास्क मोजलेस! माणसं कोण मोजणार?"

"माणसं एका जागी बसतात का? मास्क टोपलीत गप्प पडून असतात. पंधरा वर्षं असंच मोजतोय मी."

"अरे, काकांनी स्वतःचा मास्क आणला होता!" भिंग्या ओरडला. "नंबरच्या काचांचा! सकाळी मला दाखवला त्यांनी!"

"मग दुसऱ्या होडीतून गेले असतील. डोकं खाऊ नका!"

"अनवाणी?" ताईने कपाळावर हात मारला.

भरती सुरू झाली होती. खडकांमधला वाळूचा उंचवटा, जिथे दमलेला माणूस उभा राहू शकत होता, आधीच पाण्याखाली गेला होता; तासाभरात तिथे डोक्यावरून पाणी जाणार होतं. मामा मात्र शीळ घालत होता!

ताईने भिंग्याकडे पाहिलं. भिंग्याने शिडाचा दोर सोडून दिला. शीड फडफडलं, होडी जागीच डुलू लागली.

"गाढवा! हे काय केलंस?"

"आता वेळ आहे तुला," ताईने बूट उंच धरले. "विचार सगळ्यांना, कोणाचे आहेत!"

मामाने विचारलं. कोणीच हात वर केला नाही. मामाचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या क्षणी त्याने शिडाचा दोर पुन्हा ताणला आणि सुकाणू वळवलं.

काका उंचवट्यावर उभे होते. पाणी छातीपर्यंत आलं होतं. दोघा प्रवाशांनी त्यांना वर ओढलं.

"सव्वीस मिनिटं!" काका कापत म्हणाले. "हाका मारून घसा बसला माझा!"

"माझं चुकलं," मामा पुटपुटला.

काकांनी तिकडे पाहिलंही नाही. "कोणाच्या लक्षात आलं?"

सगळ्यांनी मुलांकडे बोट दाखवलं. काकांनी दोघांच्या डोक्यावर ओला हात ठेवला. "शाबास! होडीवर जबाबदार माणसं दोनच दिसतायत."

धक्क्यावर उतरताच काका बंदर कार्यालयात गेले. थोड्या वेळाने अधिकाऱ्यांनी मामालाही आत बोलावलं, परवाना घेऊन.

पाच वाजले तरी दार बंदच होतं.