ताईच्या नावाचा नकार

"आज नाही जमायचं, ताई! माझ्या छकुलीला कोण बघणार?"

धाकटी बहीण दारात आडवा हात धरून उभी होती आणि बोलता बोलता तोंड फिरवत होती. ताईला ऐकू येत नाही, ओठ दिसले तरच तिला शब्द कळतात, हे सारा जन्म एका घरात काढूनही ती रागाच्या भरात विसरून जात असे. पण आज ओठ न दिसताही ताईला सारं कळलं. खांद्यावरची पिशवी घट्ट धरून ती आपल्या जड, घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाली, "शेजारच्या काकू बघतील. विचारलंय मी."

"आणि तिथे तुझं बोलणं कळणार आहे कुणाला?"

ताई तिच्या हाताखालून वाकली आणि बाहेर पडली.

आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती, कर्णबधिरांच्या शाळेत शिकत होती, मैत्रिणींशी हातांनी तासन्‌तास गप्पा मारत होती... पाच वर्षांची धाकटी पदरात पडली आणि शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, हातांची ती भाषाही मागे राहिली! बोट धरून अक्षरं गिरवून घेत ताईने तिला वाढवलं, शिकवलं, आणि धाकटी बातम्यांच्या वाहिनीवर निवेदिका झाली. घरोघरी तिचा आवाज पोचला. तो कसा आहे हे ठाऊक नव्हतं ते एकट्या ताईला. घरी पाहुणे आले, हास्याचा कल्लोळ उडाला, की ती आशेने विचारी, "काय झालं?" आणि ठरलेलं उत्तर मिळे, "काही नाही गं, नंतर सांगते." भरल्या घरात माणूस किती एकटं असू शकतं, हे तिच्या त्या ओशाळ्या हसण्याकडे बघूनही कुणाला उमगलं नाही.

त्याच वाहिनीने संकलनाच्या, म्हणजे चित्रफिती कापून जोडण्याच्या कामासाठी शिकाऊ उमेदवार घ्यायला सुरुवात केली होती. काम शिकता शिकता पगार, वयाची अट नाही, पदवीची नाही, अपंगांनी आवर्जून अर्ज करावेत. छकुलीची चित्रफीत जुन्या संगणकावर कापून, जोडून ताईने गेल्या वर्षी नमुना म्हणून पाठवली होती. उत्तर आलंच नाही. आपणच कमी पडलो, असं म्हणून ती गप्प बसली. पण यंदा पुन्हा अर्ज केला, आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

निवड समितीत तिघं होते, आणि तिच्यासमोर, फक्त तिच्यासाठी, हातांनी बोलणारी एक दुभाषी बसली होती. प्रश्न तर ती सांगतच होती. पण कुणी शिंकलं, बाहेर खुर्ची पडली, म्हातारे संकलक मिशीतल्या मिशीत काही विनोद करून गेले, तर तेही सांगत होती! ताई हसली... सगळ्यांच्या बरोबरीने, अगदी वेळेवर हसली. आणि हसता हसता तिचे डोळे डबडबले.

"एक विचारू?" संकलक म्हणाले. "गेल्या वर्षी नमुन्यावरूनच तुमची निवड झाली होती. मग नकार का कळवलात?"

त्यांनी एक पत्र पुढे सरकवलं. 'घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही.' खाली ताईचं नाव.

ते वळणदार अक्षर! तिनेच तर ते बोट धरून गिरवून घेतलं होतं. खरं सांगितलं तर आपल्यावरचा अन्याय दूर होईल, पण त्याच इमारतीतली एक निवेदिका कायमची नोकरीतून उठेल... दुभाषीचे हात थांबले होते. सगळे ताईकडे पाहत होते.

"मीच लिहिलं," ताईच्या हातांनी सांगितलं. "घरी अडचण होती."

दोन दिवस ती घरात नेहमीसारखी वावरली. जेवली, छकुलीची वेणी घातली, धाकटीकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी धाकटी घरी आली, चेहऱ्यावरचा रंगही न पुसता. स्वयंपाकघरात ताईच्या अगदी समोर उभी राहून ती सावकाश, एकेक शब्द स्पष्ट करत बोलली, "तुझी निवड झाली. संकलक सगळ्यांना त्या नकाराच्या पत्राचंही सांगत होते. गेल्या वर्षी तुझ्या निवडीचं पत्र माझ्या हाती पडलं, आणि नकाराचं मी लिहिलं होतं, ताई."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती."

धाकटीचा बांध फुटला. "छकुलीचं निमित्त होतं गं! मला लाज वाटत होती... मला बहीण आहे, हे मी तिथे कुणाला सांगितलंच नव्हतं! आज संकलकांना सगळं सांगून आले. चौकशी होईल म्हणाले. होऊ दे!"

हिने स्वतःहून सांगितलं? ताईने धाकटीचे डोळे पुसले; पण जवळ घेतलं नाही.

"राग आहे मला," ती म्हणाली. "खूप आहे. लवकर नाही जायचा."

धाकटीने मान हलवली. मग चाचरत विचारलं, "ताई... हातांनी 'ताई' कसं म्हणतात?"

सत्तावीस वर्षांत हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं! ताईने तिची बोटं हातात घेतली, एकेक करून वळवली, मनगट जरा वर उचललं आणि सोडून दिलं. धाकटीने करून पाहिलं.

"चुकलं," ताई म्हणाली. "पुन्हा कर."